मुलाच्या स्थितीस अनुरूप

माझा मुलगा आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. सकाळी टेबलाशी बसून तो स्वाध्यायपुस्तिकेतल्या रिकाम्या जागा भरत होता. वाक्य असं होतं : 'येशूने ..... भाकरी व ..... मासे घेऊन लोकसमुदायाला जेवू घातले.' त्याने पाच लिहिलं, दोन लिहिलं. दोन्ही बरोबर. मी खूण केली आणि पान उलटणार, तोच समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : 'त्या मुलाला पण मिळालं का?'

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्या भाकरी आणि मासे एका मुलाजवळचे आहेत. पुस्तिकेत तो मुलगा नव्हता. आदल्या रात्री आम्ही अध्याय वाचला होता, तिथून त्याने तो उचलला होता. उत्तरसूचीत या प्रश्नाला जागा नव्हती आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी माझ्याकडेही नव्हती. गणिताची वेळ झाली होती. 'आधी हे पान पूर्ण कर,' एवढंच मी म्हणाले.

पुढचे काही आठवडे समास कोरे राहिले. गुण उत्तम पडत होते, पानं भराभर संपत होती, आणि मी खूश होते. तो काही विचारेनासा झाला आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मंडळीतले तरुण आईबाप मला नेहमी विचारतात, ख्रिस्ती अभ्यासक्रमांपैकी सर्वांत चांगला कोणता? मी उलट विचारते, मूल कसं आहे? यावर बहुतेक जण गोंधळतात. त्यांना प्रकाशनाचं नाव हवं असतं. मूल म्हणजे जणू भांडं आणि अभ्यासक्रम म्हणजे त्यात ओतायचा पदार्थ. पदार्थ शुद्ध असला की झालं, असं त्यांनी धरलेलं असतं. माझं म्हणणं याच्या अगदी विरुद्ध आहे. मुलाला काय मानवतं हे पाहणं ही विश्वासात केलेली तडजोड नाही. विश्वासच ते करायला सांगतो.

याला आधार म्हणून मी नीतिसूत्रांतलं ते सर्वांना पाठ असलेलं वचन पुढे करते. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात बाविसाव्या अध्यायाचं सहावं वचन सुरू होतं ते असं : 'मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे.' इतर अनेक भाषांतरांत याचा अर्थ 'ज्या मार्गाने त्याने चालावे त्या मार्गाचं शिक्षण दे' असा केलेला आढळतो. मूळ हिब्रू शब्दप्रयोग जेमतेम दोन-तीन शब्दांचा आहे : 'अल पी दरको', म्हणजे 'त्याच्या वाटेप्रमाणे'. ही वाट म्हणजे नीतीची वाट की त्या मुलाची स्वतःची चाल, यावर अभ्यासकांत जुना मतभेद आहे. तो मी इथे मिटवणार नाही. पण आपल्या भाषेत हे वचन ज्यांनी आणलं त्यांनी मुलाची स्थिती आधी ठेवली, शिक्षण नंतर. हे वचन पाठ म्हणणाऱ्या घरांतही अभ्यासक्रम मात्र मुलाकडे न बघता ठरतो, याचं मला वाईट वाटतं.

अभ्यासक्रमाला 'ख्रिस्ती' म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हटलेलं असतं, हेही एकदा नीट बघायला हवं. काही ठिकाणी सगळे विषय इतर शाळांसारखेच असतात आणि पवित्र शास्त्राचा एक तास वेगळा असतो. काही ठिकाणी प्रत्येक विषयात वचनं गुंफलेली असतात. बेरजेच्या उदाहरणात नोहाच्या तारवातले प्राणी असतात, व्याकरणाच्या वाक्यात दावीद असतो. या दुसऱ्या प्रकाराला लोक जास्त ख्रिस्ती मानतात. माझा तसा अनुभव नाही. तारवातले प्राणी मोजल्याने बेरीज पवित्र होत नाही, आणि वचन नुसतं शोभेला आलं तर ते मुलाच्या कानाला बोथट होतं. बेरीज ही देवाच्या जगातली खरी गोष्ट आहे. ती नीट, प्रामाणिकपणे शिकवली तर तिला वेगळी सजावट लागत नाही.

हे मला कमेनियसकडे बघून उमगलं. योहान आमोस कमेनियस हा मोरावियातला (आजच्या चेक देशातला) शिक्षणतज्ज्ञ, बंधू-मंडळी या प्रॉटेस्टंट पंथाचा बिशप. १५९२ साली जन्मला, छळामुळे मायदेश सोडून आयुष्यभर परागंदा राहिला. १६५६ मध्ये पोलंडमधलं लेश्नो शहर जळालं तेव्हा त्याचं घर आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखितं राख झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्गला त्याचं मुलांसाठीचं चित्रमय पुस्तक छापून निघालं. लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी, वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे. सुरुवातीला अक्षरओळख आहे ती प्राण्यांच्या आवाजांवरून : कावळा 'आ आ' करतो, कोकरू 'बे बे' करतं. मग दीडशे छोटे पाठ. पहिला पाठ देवाचा आणि शेवटचा अंतिम न्यायाचा.

या दोन पाठांच्या मध्ये जे आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मध्ये आग, ढग, दगड, झाडं, किडे, भाकरी भाजणारा, मधमाश्या पाळणारा, शिंपी, न्हावी, मासेमारी असं सगळं आहे. भाकरी भाजणाऱ्याच्या पाठात पीठ चाळणं, मळणं, भट्टीत घालणं आहे. कमेनियसला ठाऊक होतं की ज्या जगाच्या आदी आणि अंती देव आहे त्या जगातली भट्टी जशी आहे तशी दाखवली तरी पुरे. आधी इंद्रियांना कळू दे, मग बुद्धीला, हा त्याचा आग्रह होता. एवढं गमावलेल्या माणसाने मुलांना भीती शिकवली नाही, जग दाखवलं. कुठलाही अभ्यासक्रम हातात घेतला की मी याच पुस्तकाशी ताडून बघते : याला जगाची ओढ आहे की जगाची धास्ती?

धास्तीतून निवडलेली पुस्तकं लगेच ओळखू येतात. 'बाहेरच्या' गोष्टींविषयीचे पाठ तिथे नेहमी इशाऱ्याने सुरू होतात. आईबापांची भीती मी समजू शकते, मीही त्यातून गेले आहे. पण भीतीपोटी केलेल्या निवडीत मूल कुठेच नसतं, फक्त आपणच असतो.

आता पद्धतींकडे येते. ख्रिस्ती अभ्यासक्रमांचे जे मोठे प्रवाह आज जगभर पसरले आहेत, त्यांतले बरेचसे अमेरिकेतून आले. त्यांचा स्वभाव एकमेकांहून फार वेगळा आहे.

'अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' हा अभ्यासक्रम १९७० मध्ये टेक्सासात सुरू झाला. त्यात वर्षाचा विषय बारा छोट्या पुस्तिकांत वाटलेला असतो. मूल आपल्या गतीने एकेक पुस्तिका पुरी करतं, उत्तरं स्वतः तपासतं, आणि चाचणीत ऐंशी टक्के मिळाले की पुढची पुस्तिका. अशा शाळांत मुलं दोन्ही बाजूंनी आडोसा असलेल्या मेजांशी बसतात आणि मदत हवी असली की छोटा झेंडा लावतात. ज्याला गर्दीत बोलायला भीती वाटते, जे शाळा बदलून मध्येच आलं आहे, ज्याला आपण किती पुढे आलो हे डोळ्यांनी बघायला आवडतं, अशा मुलाला यात खरोखर हायसं वाटू शकतं. मागे पडल्याची लाज इथे नसते, कारण शेजारचा कुठल्या पानावर आहे याच्याशी कुणाला घेणं नसतं. पण ज्या मुलाला बोलल्याशिवाय विचारच करता येत नाही त्याला तो आडोसा भिंतीसारखा लागतो.

'अबेका' ही अभ्यासमाला १९७२ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलातून निघाली. तिथे शिक्षक समोर उभा राहून शिकवतो, ध्वनी-अक्षरांवर भर असतो, आणि एकदा शिकवलेलं पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जातं. ज्याला ठाम चौकट लागते, ज्याचं लक्ष उडतं पण उजळणीने ठसतं, त्याला हे मानवतं. ज्याला एकदा सांगितलेलं पुरतं ते मूल मात्र पाचव्या उजळणीला कंटाळून वाकडं वागू लागतं, आणि मग आपण त्याला हट्टी म्हणतो.

अभिजात पद्धतीचा उगम मजेशीर आहे. १९४७ मध्ये ऑक्सफर्डला डॉरथी सेयर्स या लेखिकेने एक निबंध वाचला. मध्ययुगातली व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही तिन्ही अंगं मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जुळतात, असा तिचा मुद्दा होता : लहान वयात पोपटासारखं पाठ करण्याची हौस, मग वाद घालण्याची, मग आपलं म्हणणं सुंदर मांडण्याची. शिकवण्याचा आपला अनुभव अगदीच थोडा आहे, हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. काही दशकांनी त्या एका निबंधावरून अमेरिकेत शाळांच्या शाळा उभ्या राहिल्या. तिचं निरीक्षण खरं आहे, दहा-बारा वर्षांच्या कुठल्याही मुलाशी वाद घातलेल्याला ते पटेल. पण सगळी मुलं टप्पे एकाच वयात ओलांडत नाहीत. सहाव्या वर्षी 'का' विचारणाऱ्याला 'तुझा टप्पा अजून पाठांतराचा आहे' असं सांगणं म्हणजे नकाशासाठी रस्ता मोडण्यासारखं आहे.

आणि शार्लट मेसन. १८४२ मध्ये जन्मलेली ही इंग्लंडमधली अँग्लिकन शिक्षिका. १८९२ मध्ये तिने अँबलसाइड इथे शिकवणाऱ्यांना तयार करणारी संस्था काढली. तिचं पहिलं तत्त्व असं की मूल जन्मतःच पूर्ण व्यक्ती असतं. व्यक्ती होण्याची वाट बघत असलेला मातीचा गोळा ते नसतं. यातून बाकी सगळं निघतं : सार काढलेल्या पाठ्यपुस्तकाऐवजी मन लावून लिहिलेली खरी पुस्तकं, लहानांसाठी वीस मिनिटांच्या आतले पाठ, रोज उघड्यावर हिंडणं, आणि कथन. उतारा एकदाच वाचायचा. मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. मध्ये टोकायचं नाही.

कथनाविषयी जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात त्यानेच पारडं फिरवलं. पुस्तिका बाजूला ठेवल्यावर मी एका दुपारी मुलाला लूकच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचून दाखवली आणि म्हटलं, आता तू सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली ती मेंढराच्या बाजूने. कुठे अडकलं, कुठला आवाज आधी ऐकू आला, मेंढपाळाने खांद्यावर घेतल्यावर उंचावरून काय दिसलं. नव्व्याण्णव हा आकडा तो विसरला. पुस्तिकेत तो एक गुण गेला असता. पण ती गोष्ट त्याच्या आत किती खोल गेली होती, हे मला कुठल्या रिकाम्या जागेने सांगितलं असतं?

यावरून मी पाठांतराच्या विरोधात आहे असं मात्र कुणी समजू नये. मार्टिन ल्यूथरने १५२८ मध्ये सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी दिल्या तेव्हा लोकांना प्रभूची प्रार्थनाही धड येत नाही हे बघून तो हादरला. पुढच्या वर्षी त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, घरातल्या कर्त्याने घरच्यांना साधेपणाने शिकवावी म्हणून. तिच्यात प्रत्येक आज्ञेनंतर, प्रत्येक विनंतीनंतर तोच छोटा प्रश्न येतो : 'याचा अर्थ काय?' पाच-सहा वर्षांच्या मुलांना अशी लय फार आवडते. ती प्रश्नोत्तरी गाण्यासारखी म्हणतात आणि ते शब्द म्हातारपणी, दुखण्यात, अंथरुणाला खिळल्यावर पुन्हा वर येतात. हे मी माझ्या आजीच्या उशाशी बसून पाहिलं आहे. पण 'याचा अर्थ काय' हा प्रश्न कधीतरी मुलाच्या तोंडून यायला हवा. तो फक्त छापील राहिला तर उत्तरही छापीलच राहतं.

येशूचं शुभवर्तमानात एकच चित्र विद्यार्थी म्हणून आहे. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न करत होता, असं लूक सांगतो. ऐकणं आहे, प्रश्नही आहेत. अभ्यासक्रम चाळताना मी शिक्षकांसाठीची पुस्तिका आधी उघडते. मुलाने अनपेक्षित काही विचारलं तर काय करावं याविषयी तिच्यात एक ओळ तरी आहे का? चुकीच्या उत्तराचं काय करायचं सांगितलं आहे? फक्त लाल फुली मारायची, की मूल त्या उत्तरापर्यंत कसं पोचलं ते विचारायचं? पौल इफिसकरांना लिहितो की बापांनी मुलांना चिरडीस आणू नये. ती आज्ञा अभ्यासाच्या टेबलालाही लागू आहे.

विज्ञानाच्या पुस्तकांवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे पालक एक तर डोळे झाकून घेतात किंवा एकमेकांशी भांडतात. पृथ्वीचं वय, सृष्टीची निर्मिती, जीवांची उत्क्रांती यांवर स्वतः ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. काही अभ्यासक्रम उत्पत्तीचे सहा दिवस चोवीस तासांचे धरतात, काही तसं धरत नाहीत. तुमचं मत यांपैकी कुठलंही असो, एक गोष्ट मात्र तपासा : वेगळं मत असलेल्या विश्वासणाऱ्यांविषयी पुस्तक काय सांगतं? आनुवंशिकतेचे नियम मांडणारा ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला होता. वाटाण्यांवरचा त्याचा प्रबंध १८६६ मध्ये छापला गेला. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. ही माणसं पुस्तकात नसतील आणि वेगळं बोलणारा प्रत्येक जण देवाचा शत्रू म्हणून येत असेल, तर मुलाला अर्धंच चित्र दाखवलं जात आहे. ते मूल अठरा वर्षांचं होईल, त्याला हे सगळं एकाच दिवशी दुसरीकडून कळेल, आणि त्या दिवशी त्याचा पुस्तकावरचा विश्वास जाईल. पुस्तकाबरोबर आणखी काय काय जाईल, याची मला धास्ती वाटते.

याची व्यवहारी बाजूही आहे. काही ख्रिस्ती शाळांचे अभ्यासक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी ग्राह्य धरायला नकार दिला, तेव्हा ख्रिस्ती शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये दावा लावला. २००८ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. निकाल कुणाला पटो न पटो, चौदाव्या वर्षी निवडलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचा परिणाम अठराव्या वर्षी दाराशी येऊन उभा राहतो. मुलाला वैद्यकीला जायचं असेल, अभियांत्रिकीला जायचं असेल, तर पुढच्या संस्थेला काय चालतं ते आधी विचारून घ्या. नुसत्या प्रार्थनेवर ते सोडू नका.

पंथाचा प्रश्न मी थोडक्यात उरकते. कॅथलिक घराने प्रॉटेस्टंट प्रकाशनाचं इतिहासाचं पुस्तक घेतलं, किंवा उलट झालं, तर हे दोन पंथ जिथे वेगळे झाले त्या धर्मसुधारणेचा धडा आधी स्वतः वाचावा. एवढं केलं तरी निम्मे घोटाळे टळतात.

भाषेचा मुद्दा मात्र मोठा आहे. यांतले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मूल ज्या भाषेत प्रार्थना करतं ती वेगळी असेल तर काय होतं? १६८०च्या सुमारास फ्रान्समध्ये योहान बाप्तिस्त द ला साल याने गरीब मुलांसाठी शाळा काढल्या. तोवर मुलांना वाचायला शिकवलं जाई ते लॅटिनमधून. त्याने आधी फ्रेंचमधून शिकवायला लावलं. लॅटिन ही उपासनेची, विद्येची भाषा होती, तरीही त्याने मुलाच्या तोंडी असलेली भाषा पुढे घेतली, कारण ती मुलं थोडीच वर्षं शाळेत टिकत असत आणि जाताना त्यांना काहीतरी खरं वाचता यायला हवं होतं. मला वाटतं, देवाविषयी मूल जे पहिल्यांदा शिकतं ते त्याच्या आईच्या भाषेत असावं. गणित, विज्ञान पुढे कुठल्याही भाषेत शिकता येईल. पण 'कृपा' हा शब्द मुलाला अर्थकोशात शोधावा लागू नये.

आणि यात मुलाचा स्वतःचा शब्द किती? इथे बरेच पालक दुखावतात, म्हणून मी आधी त्यांची बाजू मांडते. मुलाला कसलं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा प्रथम अधिकार आईबापांचा, असं १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं सव्विसावं कलम सांगतं. त्याआधी, १९२५ मध्ये, सगळ्या मुलांना सरकारी शाळांतच घालायला लावणारा ऑरेगॉनचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मूल ही सरकारची निर्मिती नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. हा अधिकार मला मोलाचा वाटतो आणि तो कुणी काढून घेऊ लागलं तर मी विरोधात उभी राहीन.

पण त्याच न्यायालयासमोर १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या अमिश, म्हणजे जगापासून वेगळं, साधं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबांचा खटला आला. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नाही, ते आमच्या धर्माविरुद्ध आहे, असं पालकांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र काही अंशी वेगळं मत नोंदवलं. साक्ष एकाच मुलीची झाली होती. बाकीच्या मुलांना काय हवं आहे ते कुणी विचारलंच नव्हतं, ते विचारायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हे मत लेकराच्या बाजूचं वाटतं आणि म्हणून ख्रिस्ताच्याही बाजूचं. १९८९च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं त्याच्या वयानुसार आणि समजुतीनुसार विचारात घ्यावं, असं आहे. माणसांचे करार इथवर आले. बालकांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणाऱ्याचं नाव घेणाऱ्या घरांनी मागे का राहावं?

सहा वर्षांच्या मुलाने अभ्यासक्रम निवडावा असं मी म्हणत नाही. सहाव्या वर्षी आपण त्याच्याकडे बघायचं : किती वेळाने चुळबुळ सुरू होते, वाचलेलं खेळात उतरतं का, रात्री निजताना कशाविषयी बोलतं. दहाव्या वर्षी विचारायचं. चौदाव्या वर्षी पुस्तकं त्याच्यासमोर ठेवून बरोबर बसून ठरवायचं, आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासाविषयी तर त्याचं ऐकून घ्यायचंच, कारण त्या वयात लादलेली भक्ती दिसायला भक्ती असते, एवढंच.

आणखी एक गोष्ट संकोचाने सांगते. अभ्यासक्रम शिकवणाऱ्यालाही मानवायला हवा. नोकरी करून थकून येणाऱ्या आईने रोज चार तास वाचून दाखवण्याची पद्धत घेतली तर महिन्याभरात ती मुलावर ओरडू लागते. दुसऱ्या पद्धतीत थोडं कमी शिकवलं गेलं तरी चालेल. दमलेल्या, रागावलेल्या आईकडून मूल जे शिकतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

म्हणून घेताना सबंध वर्षाचा संच एकदम घेऊ नका. एक घटक मागून घ्या, दोन आठवडे करून बघा. पहिले तीन दिवस मोजू नका. नवं पुस्तक सगळ्यांनाच आवडतं. दुसऱ्या आठवड्यात मूल स्वतःहून टेबलाशी येतं की बोलवावं लागतं ते बघा. एखादा पाठ झाल्यावर तासाभराने, दुसऱ्याच कामात असताना, त्याला सहज विचारा की आज काय होतं. आणि वर्षाच्या मध्यावर पटलं नाही तर बदला. पैसे वाया गेले म्हणून मुलाची वर्षं वाया घालवणं मला कधीच समजलं नाही. मीही त्या पुस्तिकांत तब्बल पाच महिने घालवले, ते केवळ घेतल्या आहेत म्हणून.

उरलेल्या कोऱ्या पुस्तिका मी मंडळीतल्या एका कुटुंबाला दिल्या. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, अबोल. वर्गात कुणी नाव घेऊन प्रश्न विचारला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. देताना मी तिच्या आईला सांगितलं, आम्हाला हे जमलं नाही, बघा तुमच्याकडे. काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती मुलगी खिडकीशी बसून त्यांतलीच एक पुस्तिका करत होती. रिकाम्या जागा सुबक अक्षरात भरलेल्या, प्रत्येक पुऱ्या झालेल्या पानाच्या कोपऱ्यात एक लहानसं फूल काढलेलं. मी जवळ गेल्यावर तिने हाताने पान झाकलं नाही. मान वर न करता, अगदी हळू आवाजात मला म्हणाली, 'मावशी, मी चौथ्यावर आहे.'